पनौती कुठं बसवायची

आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कोणालाही 'कुठं चालले?' असं विचारायची सोय नव्हती. कामाला निघालेल्या माणसाला 'कुठं' विचारलं की त्याचं काम फिसकटतं, असा आमच्या मॅनेजरसाहेबांचा सिद्धांत होता, आणि जिनिंगच्या फाटकाच्या आत त्यांचा सिद्धांत म्हणजे कायदा. विचारायचंच असेल तर 'किती दूर?' असं विचारायचं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी हे पाळलं तर कोणाचं काही बिघडत नाही. पण आमचं जिनिंग पांढरकवड्याच्या अलीकडं, हायवेला लागून. सरकी काढलेल्या कापसाच्या, म्हणजे रुईच्या, गाठी भरलेले ट्रक कधी नागपूरकडे निघायचे, कधी हैदराबादकडे. फाटकावरचा चौकीदार इमानदारीनं प्रत्येक ड्रायव्हरला "किती दूर, भाऊ?" असं विचारायचा आणि ड्रायव्हर "लई दूर" म्हणून निघून जायचा. एकदा हैदराबादेकडे जायच्या गाठी नागपुरात पोचल्या. तिकडच्या व्यापाऱ्यानं फोन करून 'हा माल कोणाचा?' असं विचारलं, तेव्हा साहेबांनी शांतपणे चौकशी केली. निष्कर्ष असा निघाला, की ट्रक निघताना कोणीतरी गुपचूप 'कुठं' विचारलं असणार. नाहीतर इतका सरळ रस्ता कोण चुकतो?

मी तिथं काट्यावर होतो. शेतकऱ्यांच्या कापसाच्या गाड्या तोलायच्या, ओलावा बघायचा, चिठ्ठी द्यायची. आमचं घराणं यवतमाळचं, दोन पिढ्या कचेरीत खुर्चीवर बसलेली. वजनकाट्यावर बसलेला मी पहिलाच, त्यामुळं घरी माझ्या नोकरीबद्दल कोणी फारसं बोलत नसे. साहेब मला 'काटेवाले' म्हणत. ते स्वतः नेरचे. घरी कापूस-तुरीचं चांगलं शेत, अमरावतीला राहून बी.एस्सी. केलेली, आणि ही बी.एस्सी. ते मुख्यतः अपशकुनाच्या कामी वापरत. बाकीचे लोक अपशकुन नुसता मानतात. साहेब तो सिद्ध करून दाखवत. अंगानं लहानखुरे, आवाज मात्र गाठी दाबणाऱ्या प्रेसच्या मशीनवरून पलीकडे जाईल असा. शर्टाच्या वरच्या खिशात पेन, चष्मा आणि एक दगड.

दगडाचं असं होतं. तिघांनी मिळून कामाला निघू नये, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. तिघंच असले तर रस्त्यावरचा एखादा खडा चौथा म्हणून खिशात टाकतात आणि काम झालं की फेकून देतात. साहेबांना दर वेळी नवा चौथा नेमणं पटायचं नाही. अनुभवी माणूस बरा, असं ते म्हणत. त्यांनी पैनगंगेच्या पात्रातून एक गुळगुळीत, लालसर, लिंबाएवढा दगड आणला होता, त्याला कुंकवाचं बोट लावलं होतं, आणि तो कायम खिशात असायचा. हमाल त्याला 'चौथे साहेब' म्हणायचे. एकदा तपासणीला तीन अधिकारी जीपमधून उतरले. साहेब बेचैन झाले. त्यांनी ट्रेमध्ये चार कप चहा मागवला, चौथा कप टेबलावर दगडासमोर ठेवला आणि त्या अधिकाऱ्यांपैकी एकानंही काही विचारलं नाही. सरकारी माणसाला कुठलाही चौथा कप परका वाटत नाही.

शिंकेचा प्रश्न जास्त अवघड होता. जिनिंगमध्ये रुईचा भुगा दिवसभर उडत असतो. तिथं जो शिंकत नाही तो कामावर आलेलाच नाही, असं खुशाल समजावं. पण मशीन सुरू करताना कोणी शिंकलं की साहेब हात वर करून सगळं थांबवायचे. एक शिंक वाईट, लगेच दुसरी आली तर हरकत नाही, म्हणून दुसरी शिंक येईपर्यंत सगळे उभे. बाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग, शेतकरी हॉर्न वाजवून दमलेले, आणि आत अख्खी पाळी एकमेकांच्या नाकाकडे बघत थांबलेली. शेवटी आमच्या चपराशानं तपकिरीची डबी बाळगायला सुरुवात केली. साहेबांनी हात वर केला की तो चिमूटभर ओढायचा, दणदणीत शिंकायचा आणि मशीन सुरू व्हायचं. चहा आणणं वगैरे त्याचं जोडकाम होतं. दिवाळीला साहेब त्याला तपकिरीचा डबा भेट द्यायचे.

एवढं सगळं सांगितल्यावर हेही सांगितलं पाहिजे, की मॅनेजर म्हणून हा माणूस पक्का होता. विशेषतः आगीच्या बाबतीत. कापसाच्या गंजीवर चढणाऱ्या प्रत्येकाचा खिसा ते स्वतः चाचपायचे. विडी, काडेपेटी, किल्ली, खिळा, नाणं, काही म्हणजे काही वर न्यायचं नाही. गंजीवरचा कापूस मोठ्या पाइपानं आत ओढला जातो. त्याच्यासोबत एखादी टणक वस्तू गेली, तर आत फिरणाऱ्या लोखंडी दात्यांवर आदळते, ठिणगी उडते आणि पुढं काय होतं ते सांगायची गरज नाही. लोखंड धरून ठेवायला पाइपात चुंबक होतं. बाकीच्या गोष्टी धरायला साहेब होते. कचरा वेचणाऱ्या बायांच्या पदराच्या गाठीसुद्धा ते सोडायला लावायचे, आणि बायांनी शिव्या दिल्या तर ऐकून घ्यायचे. त्यांच्या कारकिर्दीत आमच्याकडे आग म्हणून लागली नव्हती. याचं सगळं श्रेय ते फाटकावर टांगलेल्या लिंबू-मिरचीला द्यायचे.

दर हिवाळ्यात या भागातल्या जिनिंगवाल्यांची व्हॉलीबॉलची स्पर्धा व्हायची. हमाल, ड्रायव्हर, फिटर, काट्यावरचे, सगळे खेळायचे. आमची खरी दुश्मनी हायवेच्या पलीकडच्या जिनिंगशी. एका वर्षी शेवटचा सेट चालू असताना साहेबांना फोन आला, ते पाठ फिरवून बोलायला लागले आणि तेवढ्यात आम्ही जिंकलो. त्या दिवसापासून साहेबांनी मॅच पाहिली नाही. म्हणजे यायचे, पहिल्या रांगेत खुर्ची टाकायचे, पण पाठ मैदानाकडे आणि तोंड गंजीकडे. अंगात त्या विजयाच्या दिवशीचा तपकिरी स्वेटर, तोही विजय धुतला जाईल म्हणून न धुतलेला. मी शेजारी उलट्या दिशेनं बसून त्यांना काय चाललंय ते सांगायचो. मी "वा!" म्हटलं की ते कापसाकडे बघून टाळ्या वाजवायचे. ज्या संघावर त्यांचा इतका जीव, त्याचा एकही पॉइंट त्यांनी डोळ्यांनी पाहिला नव्हता.

आता सुधाकरबद्दल. तो आमचा फिटर, केळापूरचा. ताडमाड उंच, लांब हाताचा, कमी बोलणारा. दुपारच्या सुट्टीत आम्ही यार्डात खेळायचो तेव्हा त्याचा स्मॅश अडवायला कोणी पुढं यायचं नाही. पण स्पर्धेत तो एकदाही उतरला नाही, कारण तो पनौती होता.

सुधाकर कामाला लागला त्या दिवशी प्रेसचा पट्टा तुटला. काही दिवसांनी वादळात चहाच्या टपरीचं छप्पर उडालं, तेव्हा तो तिथं चहा पीत होता. टपरीत आणखी माणसं होती, पण ती जुनी होती. मग तो पहिल्यांदा मॅच बघायला आला आणि आम्ही हरलो. पुढच्या मॅचच्या दिवशी त्याला ताप आला, तो घरी राहिला आणि आम्ही जिंकलो.

"सायन्स हाय हे, काटेवाले," साहेब मला समजावून सांगत होते. "एकच गोष्ट बदलली, बाकी समदं तेच ठेवलं. निकाल बदलला. याले प्रयोग म्हन्तेत."

"पण साहेब, पलीकडच्यांचा तो उंच पोरगा त्या दिवशी आला नव्हता..."

"थो काहून आला नाई? त्याचं बी कारण असनच ना."

दुसऱ्या एखाद्या मॅनेजरनं सुधाकरला काढून टाकलं असतं. साहेबांची नजर वेगळी होती. हाताशी असलेली कुठलीच वस्तू ते वाया जाऊ देत नसत. "पनौती वाईट नसते," ते म्हणाले. "चुकीच्या बाजूनं बसलेली असते. उचला अन् तिकडं ठेवा."

पुढच्या मॅचला सुधाकर पलीकडच्या जिनिंगच्या लोकांमध्ये जाऊन बसला. आम्ही जिंकलो. त्यापुढच्याही मॅचला जिंकलो. पलीकडच्यांना सुगावा लागला तेव्हा त्यांनी त्याला भजी खाऊ घातली, पाणी दिलं आणि चार जणांनी मिळून सन्मानानं आमच्या बाजूला आणून सोडलं. आम्ही परत पाठवलं. मॅच थांबली. सुधाकरला नेमकं कुठं बसवायचं यावर दोन्ही मॅनेजरांची मैदानाच्या मधोमध हमरीतुमरी झाली. पंच म्हणाले, "जाळीच्या खांबापाशी बसवा, दोघाईचंबी नाई." मग त्यांच्याच लक्षात आलं की त्या खांबापाशी ते स्वतः उभे आहेत. अखेर सुधाकरला फाटकाबाहेर, हायवेच्या कडेच्या कडुनिंबाखाली बसवलं. साहेबांची पाठ मैदानाकडे असल्यामुळं तो तिथं बसलेला फक्त त्यांनाच दिसत होता.

सुरुवातीला सुधाकर हे सगळं हसण्यावारी न्यायचा. "बसतो ना साहेब, मले काय! तिकडं भजे भेटतेत," असं म्हणायचा. पुढं पुढं तो न सांगताच बाजूला व्हायला लागला. नवीन मशीनची पूजा असली की तो वर्कशॉपमध्ये. कोणी नवी मोटरसायकल आणली की तो लांबूनच बघायचा. टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी जागा रिकामी असली तरी मागं उभा राहायचा.

त्याची नोकरी हंगामी होती. दसऱ्याला घ्यायचे, उन्हाळा लागला की सोडायचे. आमचे हेड फिटर त्या वर्षी निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी सुधाकरला कायम करावं, असं साहेबांनीच जिनिंगच्या मालकांना, शेठजींना, सुचवलं होतं. "हाताचा पक्का हाय," ते म्हणाले होते. "पनौतीचं मी पाह्यतो." शेठजींनी मान डोलावली होती, पण एका अटीवर. हा हंगाम विनाविघ्न पार पडला पाहिजे. सुधाकरला ही अट माहीत होती. त्या हंगामात तो काम असं करायचा, की जणू प्रत्येक बेअरिंग त्याच्या स्वतःच्या अंगात बसवलेलं आहे.

आग लागली ती थंडीतल्या एका सकाळी. गंजीवर कापूस ओढणारा पाइप तुंबला होता. साहेब, मी आणि सुधाकर वर चढायला निघालो. साहेबांनी आमचे खिसे चाचपले. माझ्याकडचं एक नाणं काढून घेतलं, सुधाकरचा छोटा पाना काढून खाली ठेवायला लावला. मग स्वतःच्या खिशावर हात मारून म्हणाले, "चला. चौघं झालो." वर गेल्यावर सुधाकरनं पाइपाचं तोंड मोकळं केलं. साहेब वाकले, कापूस मुठीत दाबून ओलावा पाहिला, मला दाखवला. आम्ही उतरलो. हातातला चहा अर्धा झाला नव्हता तोवर आतून धूर आला.

लोक बाहेर पळाले आणि सुधाकर आत पळाला. त्यानं मेन स्विच पाडला, कापूस साफ करणाऱ्या क्लीनरचं झाकण उघडलं आणि पेटता कापूस हातांनी बाहेर ओढायला लागला. आम्ही पाण्याचे पाइप लावले. दुपारपर्यंत आग आटोक्यात आली. मशीनची एक रांग गेली, बराच कापूस गेला, माणूस मात्र एकही गेला नाही. सुधाकरचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. दवाखान्यातून पट्टी बांधून तो परत आला तेव्हा यार्डात उभ्या असलेल्या घोळक्यानं त्याला वाट करून दिली. जरा जास्तच मोठी वाट करून दिली.

"सकाळी थोच चढलता ना वरतं," एक बाई हळूच म्हणाली.

शेठजी यवतमाळहून आले. त्यांच्यासमोर क्लीनर उघडला. दात्यांमध्ये अडकलेला, काळा पडलेला, एका बाजूनं फुटलेला दगड निघाला. साहेबांचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. खिशात पेन होतं, चष्मा होता. ते एकदम म्हणाले, "शेठजी, हा माहा दगड हाय. वाकलो तवा पडला असन. सगळ्याईचे खिसे पाह्यले मी. माहाच पाह्यला नाई."

त्यानंतर साहेबांनी बी.एस्सी. पहिल्यांदाच खऱ्या कामाला लावली. दगड लोखंडावर आदळला की ठिणगी कशी पडते, ती सुक्या रुईवर पडली की काय होतं, पाइपातून येणारी हवा ती कशी फुलवते, सगळं नीट सांगितलं. चूक माझी, नुकसान माझ्यामुळं, काय कारवाई करायची ती माझ्यावर करा. इतकं स्पष्ट, इतकं खरं मी त्या जिनिंगमध्ये कोणाच्याच तोंडून ऐकलं नव्हतं. मला त्यांचा अभिमान वाटला. आणि आजूबाजूला पाहिलं तर लोकांचे डोळे भरून आलेले. एक म्हातारा हमाल उपरण्यानं नाक पुसत होता. "देवमाणूस हाय," तो म्हणाला. "त्या पनौतीले वाचवाले समदं अंगावर घेऊन राह्यला."

शेठजींनाही गहिवरून आलं. "मॅनेजरसाहेब, दिल बडा है आपका," ते म्हणाले. "लेकिन मुझे एक बात बताओ. हा दगड इतकी वर्षं तुमच्या खिशात. इतकी वर्षं तुम्ही गंजीवर चढता. कधी पडला? आजच का पडला? आज वर तुमच्यासोबत कोण होतं?"

एकच गोष्ट बदलली, बाकी सगळं तेच, निकाल बदलला. हा प्रयोग त्यांचाच होता. तो खोडून काढायला लागणारी विद्या त्यांनी आयुष्यभर कोणाला शिकवली नव्हती, मग ती त्या यार्डात कुठून सापडणार? त्यांनी इतकी वर्षं खोटी कारणं दिली आणि सगळ्यांनी ती मानली. आज पहिल्यांदा खरं कारण दिलं, तर त्यांच्या मोठेपणाबद्दल टाळ्या पडायच्या तेवढ्या बाकी होत्या.

"शेठजी बराबर बोलून राह्यले, साहेब," मागून सुधाकर म्हणाला. "मी चढालेच नोको होतं." पट्टी बांधलेला हात छातीशी धरून तो फाटकाकडे चालायला लागला. त्याला कोणी काढलं नव्हतं. कोणी थांबवलंही नाही.

आठवडा गेला, सुधाकर आला नाही. साहेबांनी दोनदा निरोप पाठवला. मग एका रविवारी मला म्हणाले, "गाडी काढा," आणि आम्ही केळापूरला गेलो. सुधाकर अंगणात खाटेवर बसला होता. आम्हाला पाहून उठला, साहेबांच्या पाया पडला आणि लगेच चार पावलं मागं सरकला. त्याच्या बायकोनं चहा आणला.

साहेबांनी समजावायला सुरुवात केली. पट्टा तुटला तो जुना झाला होता. छप्पर उडालं ते वादळानं. मॅच हरलो ती आम्ही वाईट खेळलो म्हणून. एकेक करून त्यांनी स्वतःचे सगळे सिद्धांत मोडीत काढले, आणि मला वाटतं, त्यांचे त्यांनाही ते तेव्हाच मोडताना दिसत होते. सुधाकर मान खाली घालून ऐकत होता.

"पनौती-गिनौती काई नसते, सुधाकर," साहेब शेवटी म्हणाले.

"मंग साहेब," त्याची बायको दारातून म्हणाली, "याईले मॅचच्या दिवशी झाडाखाली कायले बसवत होते तुमी?"

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"भावाच्या घरी तूर काढणं चालू हाय," ती पुढं म्हणाली. "थ्रेशरपाशी जात नाईत. म्हन्तेत, काई झालं तर? हात भाजला तं भाजला, त्याचं नाई वाटत, साहेब. पन पोरीले कडेवर घेत नाईत. आठ दिवस झाले. थे मांगं मांगं फिरते अन् हे घरात जाऊन दार लावतेत."

दाराच्या चौकटीला धरून एक दीड-दोन वर्षांची मुलगी उभी होती, बापाकडे बघत. सुधाकर तिच्याकडे बघत नव्हता.

"मले हौस हाय का, साहेब?" तो म्हणाला. "पडली-गिडली तं कोनाले सांगू?"

मला वाटलं, साहेब आता पुन्हा ठिणगी आणि हवेबद्दल बोलतील. ते त्या मुलीकडं पाहत होते. मग उठले आणि सुधाकरच्या बायकोला म्हणाले, "वहिनी, मीठ-मोहऱ्या आना. अन् लाल मिरच्या."

त्यांनी सुधाकरला पूर्वेकडं तोंड करून बसवलं. मुठीत मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेऊन त्याच्यावरून उतरवल्या, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले. काय पुटपुटले ते मला जवळ असल्यामुळं ऐकू आलं. ते रसायनशास्त्रातली सूत्रं म्हणत होते. रीत अशी, की उतरवलेलं चुलीत टाकायचं. साहेबांनी ते टाकलं नाही. स्वतःच्या रुमालात घट्ट बांधलं आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं.

"झालं," ते म्हणाले. "आता तुह्याकडं नाई. माह्याकडं आली."

सुधाकर घाबरून उभा राहिला. "साहेब, हे काय केलं? तुमाले काई झालं तं?"

"मले काय होते? मी बी.एस्सी. हाय."

परत येताना मोटरसायकलवर मागं बसून मी म्हणालो, "साहेब, खरं सांगून बघायचं होतं अजून थोडं."

"सांगून पाह्यलं ना तुमच्यासमोर," ते पुढं बघत म्हणाले. "त्याले समजता समजता दोन वर्षं लागन. पोरीनं तवरक दारात उभं राहावं का?"

सोमवारी सुधाकर कामावर आला. ताठ चालत आला. हात बरा झाल्यावर स्पर्धेत उतरला आणि पलीकडच्या जिनिंगवाल्यांना त्यानं असं झोडपलं, की त्यांचा मॅनेजर उठून निघून गेला. हंगाम संपताना साहेबांनी शेठजींकडं जाऊन त्याला कायम करून घेतलं. सुधाकरची पनौती साहेबांनी आपल्या अंगावर घेतली, ही बातमी तोवर गावोगाव झाली होती, त्यामुळं शेठजींनीही आढेवेढे घेतले नाहीत.

आणि मग साहेबांचे दिवस सुरू झाले. सकाळी ते फाटकातून आत येताना दिसले की ट्रकवाले चावी फिरवायची थांबायचे. मशीनच्या पूजेला भटजी त्यांना नम्रपणे ऑफिसात बसायला सांगायचे. जे साहेब कधीकाळी एका शिंकेसाठी अख्खी पाळी थांबवायचे, त्यांनी आता शिंकेकडे लक्ष देणं सोडून दिलं होतं, तर लोकच त्यांना बघून तपकीर शोधायचे. सगळ्यात मोठी गंमत व्हॉलीबॉलची. आता त्यांना मॅच समोर तोंड करून, डोळे भरून बघायची होती, आणि आता त्यांना मैदानाजवळ कोणी फिरकू देत नव्हतं. मी रागावून लोकांशी भांडायचो. साहेब माझी बाही ओढायचे. "शिकवलं कोनं त्याईले?" असं म्हणून ऑफिसात जाऊन बसायचे. अख्ख्या जिनिंगमध्ये, मला सोडून, पनौतीवर विश्वास नसलेला तो एकटा माणूस होता आणि ती निभवायचं काम त्याच्याकडे होतं.

दोन वर्षांनी सुधाकरनं केळापूरला दोन खोल्यांचं पक्कं घर बांधलं. वास्तूच्या पत्रिका घेऊन तो ऑफिसात आला. मला दिली, चपराशाला दिली, फाटकावर चौकीदाराला देऊन आला होताच. शेवटी साहेबांच्या टेबलापाशी गेला, पत्रिका ठेवली, वाकून एका हातानंच पाया पडला.

"समदं तुमच्यामुळं झालं, साहेब."

"अरे, तू केलं ते. किती वाजता हाय पूजा?"

सुधाकर पत्रिकेकडं बघत राहिला. "पूजा रविवारी हाय," तो म्हणाला. "तुमी... तुमी सोमवारी या, साहेब. निवांत. जेवाले."

साहेबांनी पत्रिका उघडून वाचली, घडी घातली आणि हसून म्हणाले, "सोमवारीच येतो. पयल्या दिवशी गर्दीत वरण पातळ होते."

सुधाकर सुटल्यासारखा हसला आणि निघून गेला. माझं डोकं फिरलं. ज्या माणसानं याची नोकरी वाचवली, याचं सगळं स्वतःवर ओढून घेतलं, त्यालाच हा वास्तूच्या दिवशी घरात नको म्हणतो? मी उठून दाराकडे निघालो. आज त्याला सगळं सांगायचं होतं, रुमाल, मीठ-मोहऱ्या, पुटपुटलेली सूत्रं, सगळं.

"बसा, काटेवाले," साहेब म्हणाले.

"नाही साहेब. त्याला एकदा कळू द्या, की त्यात काही नव्हतं."

"त्यात काई नव्हतं हे कळलं, तं उतरलंबी काई नाई हे कळन." त्यांनी पत्रिका खिशात ठेवली. "तुमी पत्रिकाच पाह्यत होते. पोरीले कडेवर घेऊन आलता थो. अख्खा वेळ उतरवली नाई."